‘फ्रेश’च्या उलट काय? शेजारी कोण बसलंय ते बघा

प्रश्न: मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते. माझं शिक्षण मराठी माध्यमातून, बी.ए.पर्यंत. मुलगी पाचवीत आहे, सेमी इंग्लिशला. तिच्यासाठी मी विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी पाठ केली, तिच्याकडूनही घोकून घेतली. तरी तिने वहीत ‘ओल्ड’समोर ‘यंग’ लिहिलं ते बाईंनी चूक दिलं, ‘न्यू’ हवं होतं म्हणे. माझी तर वेगळीच तऱ्हा. कर्नाटकातून आलेल्या एका पेशंटला मी ‘शाल आय क्लोज द फॅन?’ विचारलं, तर त्यांच्याबरोबरची मुलगी हसली. दुसऱ्या एकाला ‘यू हॅवन्ट ईटन?’ म्हटलं, तो ‘येस’ म्हणाला. आता हा उपाशी आलाय की खाऊन, मला कळेना. अन, इन, डिस यांतलं कुठे काय लावायचं याचाही पत्ता लागत नाही. एवढं पाठ करून हे असं का? यापेक्षा मोठी यादी घेऊ का?
— सोलापूरची एक आई

उत्तर:

ताई,

मोठी यादी अजिबात घेऊ नका. आहे तीही काही दिवस कपाटात राहिली तर बिघडणार नाही. तुमच्या पाठांतरात खोट नाही, गोम यादीत आहे. यादी शब्दाला एकटं उभं करते आणि त्याच्यासमोर एकच जोडीदार आणून ठेवते. बोलताना शब्द असा एकटा कधी येत नाही. तो कशाबद्दल वापरलाय त्यावर त्याच्या उलटचा शब्द ठरतो. वस्तू बदलली की तोही बदलतो.

‘फ्रेश’ घ्या. ब्रेड किंवा पोळी फ्रेश, तर उलट ‘स्टेल’, म्हणजे शिळी. टोमॅटो फ्रेश, तर उलट ‘रॉटन’, कारण टोमॅटो शिळा होत नाही, सडतो. मटार फ्रेश म्हटले आणि समोर गोठवलेल्या मटारचं पाकीट असलं, तर उलट ‘फ्रोझन’. कोकणात ओली मासळी आणि सुकी मासळी म्हणतात. तिथे ‘फ्रेश फिश’च्या समोर ‘ड्राइड फिश’ येतो, आणि त्या सुक्या बोंबलात वाईट काहीच नाही, उलट पावसाळ्यात त्याचीच आठवण होते. पाण्याच्या बाबतीत तर ‘फ्रेश वॉटर’ म्हणजे ताजं पाणी असं नेहमी नसतंच. भूगोलाच्या पुस्तकात तो शब्द आला तर ते गोडं पाणी, नदीचं किंवा तळ्याचं. त्याच्या उलट ‘सॉल्ट वॉटर’, खारं. यादीत मात्र ‘फ्रेश × स्टेल’ एवढंच छापलेलं असतं. ते इमानदारीने पाठ करून एखादं पोर समुद्राच्या पाण्याला ‘स्टेल वॉटर’ लिहून आलं, तर त्याला कोणत्या तोंडाने रागवायचं?

यावर उपाय तुमच्या जवळच आहे, आणि तो मराठीच. उलट शब्द शोधायच्या आधी विचारायचं, इथे मराठीत मी काय म्हटलं असतं? ‘ओल्ड’ हा इंग्रजीचा एक शब्द. आपल्याकडे त्याला जुना आणि म्हातारा असे दोन. जुना म्हणत असाल तर समोर ‘न्यू’, म्हातारा म्हणत असाल तर ‘यंग’. ‘ॲन ओल्ड फ्रेंड’ हा जुना मित्र आहे. तो विशीतला असला तरी जुनाच, तेव्हा त्याच्या समोर ‘अ न्यू फ्रेंड’. शाळेच्या मेळाव्याला येतात ते ‘ओल्ड स्टुडंट्स’, म्हणजे माजी विद्यार्थी. त्यांच्या उलट ना न्यू ना यंग, तर ‘प्रेझेंट स्टुडंट्स’. ‘शॉर्ट’ माणूस असेल तर बुटका, समोर ‘टॉल’. दोरी असेल तर आखूड, समोर ‘लाँग’. ‘लाइट’ म्हणजे हलकं असेल तर ‘हेवी’, फिकं असेल तर ‘डार्क’. ‘हार्ड’ म्हणजे टणक असेल तर ‘सॉफ्ट’, कठीण असेल तर ‘ईझी’. मराठी इथे दोन खिडक्या उघडून देते, आपण फक्त बघायचं कुठल्या खिडकीतून बोलतोय ते.

मुलीच्या वहीबद्दल. फळ्यावर नुसतं ‘ओल्ड’ लिहिलेलं असेल, पुढे-मागे वाक्य नसेल, तर ‘यंग’ बरोबर होतं आणि बाईंनी घाई केली, असं माझं स्पष्ट मत आहे. धड्यात जुन्या घराची गोष्ट असेल आणि त्यावरचा प्रश्न असेल, तर बाईंचं बरोबर. भांडायला जाऊ नका; वर्गात पन्नास वह्या तपासताना उत्तरपत्रिकेतला एकच शब्द डोळ्यांसमोर असतो. मुलीला एवढंच सांगा की यापुढे शब्दाशेजारी शब्द न लिहिता ‘ॲन ओल्ड मॅन – अ यंग मॅन’, ‘ॲन ओल्ड बॅग – अ न्यू बॅग’ अशा जोड्या लिहायच्या. जागा जास्त लागते, पण जी जोडी तिने एकदा अशी लिहिली ती बोलताना तशीच तोंडात येते.

आता फॅनकडे. तुम्ही हसण्यासारखं काही बोलला नाहीत, तुम्ही मराठी बोललात. आपण दार बंद करतो, दुकान बंद करतो, पंखा बंद करतो, बोलणंही बंद करतो. इंग्रजीला एवढ्या कामांना एक क्रियापद पुरत नाही. झाकण, दार, खिडकी, पुस्तक, डोळे, ज्यांना उघडझाप आहे, त्यांना ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ किंवा ‘शट’. वीज, गॅस, नळ, टीव्ही, जे चालू राहतं आणि थांबतं, त्याला ‘टर्न ऑन’ आणि ‘टर्न ऑफ’. विजेच्या वस्तूंना ‘स्विच ऑन’, ‘स्विच ऑफ’ही चालतं. म्हणजे ‘शाल आय स्विच ऑफ द फॅन?’ एवढं म्हटलं की झालं. ती मुलगी मराठी शिकायला आली, की तिला विचारा: दार लाव म्हणजे बंद कर, मग टीव्ही लाव म्हणजे चालू कर कसं? आणि संध्याकाळी दुकान ‘वाढवलं’ म्हणजे मोठं केलं का? आपल्या अंगणातही उलटसुलट कमी नाही, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला तो ‘येस’वाला पेशंट वाटतो, कारण तिथे हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. उपाशीपोटी घ्यायचं रक्त खाऊन आलेल्याचं घेतलं, तर साखरेचा आकडा चुकीचा येणार आणि डॉक्टर त्यावरून गोळी ठरवणार.

गोंधळ होतो तो असा. मराठीत कोणी विचारलं, ‘काही खाल्लं नाही ना?’ तर आपण म्हणतो, ‘हो, नाही खाल्लं.’ आपलं ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतं: तुम्ही म्हणताय ते खरं आहे. कन्नड, हिंदी बोलणारेही इंग्रजीत उत्तर देताना पुष्कळदा याच वळणाने जातात. इंग्रजीचं ‘येस’ आणि ‘नो’ मात्र विचारणाऱ्याकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतं. खाल्लं असेल तर प्रश्न कसाही येवो, ‘येस, आय हॅव’. खाल्लं नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. ‘येस, आय हॅवन्ट’ हे इंग्रजीत कानाला खटकतं, आणि नुसतं ‘येस’ ऐकणारा समजतो की गडी पोटभर इडल्या खाऊन आलाय. तुमच्या त्या पेशंटचं ‘येस’ आपल्या पद्धतीचं होतं की इंग्रजांच्या, हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून काउंटरवर नकारार्थी प्रश्न विचारायचाच नाही. ‘यू हॅवन्ट ईटन?’ किंवा ‘नो ब्रेकफास्ट, राइट?’ हे दोन्ही सोडा. सरळ विचारा, ‘हॅव यू हॅड एनीथिंग सिन्स लास्ट नाइट?’ त्याहून पक्कं हवं असेल तर, ‘व्हेन डिड यू लास्ट ईट?’ याला हो-नाहीचं उत्तर देताच येत नाही, वेळ सांगावी लागते. आणि चहाचं वेगळं विचारा. आपल्याकडे चहा घेणं हे खाण्यात धरत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

तुमच्या लॅबमध्ये विरुद्धार्थींचे आणखी सापळे आहेत. ‘फास्टिंग’च्या उलट ‘स्लो’ काही येत नाही; तो फास्ट म्हणजे उपवास. गाडी फास्ट असेल तेव्हा समोर स्लो, मुंबईच्या लोकलसारखी. साडीचा रंग फास्ट म्हणजे पक्का, आणि त्याच्या उलट इंग्रजीत एक शब्द सहज मिळत नाही, ‘द कलर रन्स’ असं वाक्यच करावं लागतं. तसंच ‘पॉझिटिव्ह’. शाळेत चांगलं-वाईट असं शिकलेलं असतं, ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असं भिंतीवर लावलेलं असतं. पण रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं, निगेटिव्ह म्हणजे सापडलं नाही. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हटल्यावर पेशंटची आई रडायला लागली, तर तिचा दोष नाही. तिथे तो शब्द सांगून थांबू नका, ‘डेंग्यू नाही निघाला’ हेही सांगा. ‘अक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ ही जोडीही अशीच. लोकांना वाटतं एक गंभीर आणि दुसरं साधं. ती जोडी काळाची आहे: अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चिकटलेलं.

काही जोड्यांमध्ये उलट काहीच नसतं, फक्त बाजू बदलते. ‘बाय’ आणि ‘सेल’ हा एकच व्यवहार, टेबलाच्या दोन बाजूंनी पाहिलेला. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ही तसंच: उसनं घेणं आणि उसनं देणं. पेशंटला फॉर्म भरायला पेन हवं असेल तर तो म्हणेल ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ ‘कॅन यू बॉरो मी’ म्हटलं की गाडं घसरलं. ‘टीच’ आणि ‘लर्न’मध्ये आपण शिकवणे-शिकणे एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता अन, इन, डिस. थोडा इतिहास सांगतो, कारण त्याने गुंता खरंच सुटतो. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, जुना उपसर्ग. ‘इन’ लॅटिनमधून आला, बराचसा फ्रेंचच्या वाटेने, आणि बहुतेक लॅटिन वळणाच्या शब्दांनाच लागतो. हा इन पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: प, ब, म यांच्याआधी ‘इम’ होतो, म्हणून इम्पॉसिबल, इम्मॉरल, ल च्या आधी ‘इल’, म्हणून इल्लीगल, र च्या आधी ‘इर’, म्हणून इर्रेग्युलर. अन मात्र कुणासाठी बदलत नाही: अनपॉप्युलर, अनलकी, अनरिलायबल. आपला अ स्वर पाहून अन् होतो ना, शक्यचं अशक्य पण उचितचं अनुचित, तसाच हा उच्चाराच्या सोयीचा प्रकार. आणि हे साम्य वरवरचंही नाही. आपला अ/अन्, लॅटिनचा इन आणि इंग्रजीचा अन हे तिघं एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. ‘अज्ञात’ आणि ‘अननोन’ शेजारी ठेवून बघा: अ म्हणजे अन, आणि ज्ञा व नो (जाणणे) हेही एकाच धातूचे. मुलीला हे सांगा, ती शब्द विसरणार नाही.

तरी नियमाने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. इंग्रजीचा विक्षिप्तपणा बघायचा असेल तर हे घ्या: ‘अनएबल’, पण नाम ‘इनॅबिलिटी’. ‘अनस्टेबल’, पण ‘इन्स्टॅबिलिटी’. ‘अनइक्वल’, पण ‘इनइक्वॅलिटी’. ‘अनजस्ट’, पण ‘इनजस्टिस’. विशेषणाला अन आणि त्याच्याच नामाला इन. हे चार तेवढे पाठच करायचे. मी पाठांतराच्या विरोधात नाही, जिथे दुसरा इलाज नाही तिथे पाठांतरच. मोबाइलने एक सोय मात्र करून ठेवलीय. क्रियापदाला लागणारा अन म्हणजे केलेलं उलटवणं: अनलॉक, अन्डू, अनफॉलो. पॅक केलेलं सोडवलं की अनपॅक. ‘डिस’ बऱ्याचदा तुटणं किंवा नापसंती दाखवतो, जसं डिसकनेक्ट, डिसअग्री. ‘नॉन’ तर आपण रोजच वापरतो, नॉन-व्हेज, नॉन-एसी. तो निंदा करत नाही, फक्त वर्गवारी करतो. म्हणून ‘नॉन-प्रोफेशनल’ गायक म्हणजे हौशी, आणि ‘अनप्रोफेशनल’ गायक म्हणजे पैसे घेऊन उशिरा येणारा. ‘मिस’ मात्र सहसा विरुद्धार्थी करत नाही. मिसअंडरस्टँड म्हणजे न समजणं नव्हे, चुकीचं समजणं.

एका शब्दाची मात्र भीती बाळगा. पेट्रोलच्या टँकरवर मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इन दिसला म्हणून ‘पेट न घेणारं’ असा अर्थ लावला तर जिवाशी खेळ. तिथला इन नकाराचा नाही, ‘आत, मध्ये’ या अर्थाचा आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ ज्वलनशील. उलट शब्द ‘नॉन-फ्लेमेबल’. ‘इनव्हॅल्युएबल’चं मात्र आपल्याला कोडं पडायला नको. ज्याला मोल नाही ते अमूल्य, म्हणजे अतिशय मोलाचं, हुबेहूब तेच. ‘प्राइसलेस’ही तसंच. दोन्हींच्या उलट ‘वर्थलेस’.

‘लेस’ आणि ‘फुल’ची जोडी यादीत फार नीटस दिसते. केअरफुल–केअरलेस, यूजफुल–यूजलेस, इथवर ठीक. मग मुलं त्याच तालात ‘हेल्पफुल × हेल्पलेस’ लिहितात. हेल्पफुल म्हणजे मदतीला येणारा, हेल्पलेस म्हणजे असहाय. हे एकमेकांच्या उलट नाहीतच. हेल्पफुलच्या उलट ‘अनहेल्पफुल’. ‘शेमफुल’ आणि ‘शेमलेस’ तर दोन्ही शिव्याच, पहिला कृत्याला, दुसरा माणसाला. तसंच ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’: ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करते, ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी कामाला जवळजवळ हातच लावत नाही. पगारवाढ मागताना जपून.

बोलताना आणखी एक गोष्ट. प्रत्येक वेळी उलट शब्द वापरायचा नसतो. ‘नॉट हॉट’ म्हणजे ‘कोल्ड’ नव्हे. मध्ये कोमट, म्हणजे ‘लूकवॉर्म’ आहे. ‘डेड’ आणि ‘अलाइव्ह’च्या मध्ये काही नाही, पण रोजच्या बहुतेक जोड्यांच्या मध्ये भरपूर जागा असते, आणि इंग्रजी बोलणारी माणसं सभ्यपणासाठी तिथेच वावरतात. नमुना बिघडला असेल तर ‘द सॅम्पल इज बॅड’ म्हणण्यापेक्षा ‘द सॅम्पल इजन्ट गुड इनफ, वुई नीड अनदर वन’ म्हटलेलं पेशंटला कमी लागतं. आणि मोजमाप विचारताना नेहमी मोठ्या बाजूचा शब्द: बाळ चार दिवसांचं असलं तरी ‘हाउ ओल्ड इज द बेबी?’ फॉर्म भरताना तुम्हाला हे रोज लागेल.

राहिली परीक्षा. स्पर्धा परीक्षेच्या पर्यायांत विरुद्धार्थीच्या शेजारी समानार्थी हमखास पेरलेला असतो, आणि घाईत पोरं ओळखीचा दिसला म्हणून त्यावरच खूण करतात. मुलीला सवय लावा: प्रश्नातल्या ‘ऑपोझिट’ या शब्दाखाली आधी पेन्सिलने रेघ मारायची, मग पर्याय वाचायचे. वाक्य दिलं असेल तर एकेक पर्याय त्या वाक्यात घालून बघायचा. नुसताच शब्द दिला असेल तर धड्यात तो ज्या अर्थाने भेटला तोच अर्थ धरायचा. दोन पर्याय बरोबर वाटले, तर सरळ उलट असेल तो घ्यायचा: ‘हॉट’समोर ‘कूल’ आणि ‘कोल्ड’ दोन्ही दिसले तर ‘कोल्ड’. तरीही ठरेना, तर प्रश्नाशेजारी खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जायचं आणि वेळ उरली तर परत यायचं.